नाहीतर काय बिघडेल? लिनक्सच्या फाइलसिस्टीम कोडमध्ये कमेंट लिहिताना

लिनक्स कर्नलमध्ये ईएक्सटी४_ट्रंकेट() नावाचं फंक्शन आहे. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीमवरची फाइल लहान करायची असली की काम शेवटी इथे येतं. त्यात एका ठिकाणी त्या फाइलचा इनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) 'ऑर्फन' यादीत, म्हणजे अनाथांच्या यादीत टाकला जातो. पहिल्यांदा वाचणारा इथे अडखळतोच. फाइलला नाव आहे, ती डिरेक्टरीत दिसते आहे, मग ती अनाथ कशी? उत्तर त्या ओळीच्या वरच्या कमेंटमध्ये आहे. तिचा आशय असा: हे ट्रंकेट आता होणारच आहे. ते एकाहून जास्त ट्रान्झॅक्शनांमध्ये (ट्रान्झॅक्शन म्हणजे डिस्कवर एकत्र पक्क्या, म्हणजे कमिट, होणाऱ्या बदलांचा गट) पसरलं आणि मध्येच मशीन बंद पडलं, तर पुढच्या रिकव्हरीत उरलेलं ट्रंकेट पुरं व्हावं म्हणून इनोड यादीत टाकला आहे. त्यापुढे आणखी एक वाक्य येतं: म्हणून प्रत्येक ट्रान्झॅक्शन कमिट होताना फाइल पुन्हा ट्रंकेट करता येईल अशा सुसंगत अवस्थेत असली पाहिजे.

या कमेंटचं सगळं मोल त्या शेवटच्या वाक्यात आहे. पहिला भाग त्या एका ओळीचं कारण सांगतो. शेवटचं वाक्य मात्र शेकडो ओळी दूर ब्लॉक मोकळे करणाऱ्या कोडला बांधून ठेवतं. कुठला ब्लॉक वापरात आहे ते बिटमॅपमध्ये नोंदलेलं असतं. तिथे उद्या कुणी 'आधी बिटमॅपमधला बिट पुसू, पॉइंटर पुढच्या ट्रान्झॅक्शनमध्ये काढू' असं केलं, तर रिकव्हरीच्या वेळी तेच ब्लॉक दुसऱ्यांदा मोकळे होतील, आणि तोवर ते दुसऱ्या फाइलला दिलेले असू शकतात.

(फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. अंडरस्कोअर जागच्या जागी ठेवलेत, म्हणजे सोर्समध्ये शोधायला सोपं जाईल.)

फाइलसिस्टीमच्या कोडला स्पष्टीकरणाच्या कमेंट जोडायच्या असतील तर मी एकच कसोटी लावतो. कमेंटमध्ये 'नाहीतर' आहे का? ही ओळ नसती, किंवा एक ओळ वर-खाली झाली असती, तर काय बिघडलं असतं हे तिच्यातून कळतं का? कळत नसेल तर ती कमेंट बहुधा कोडचीच दुसरी प्रत असते. 'इथे इनोडचं लॉक घेतलं' हे इनोड_लॉक() वाचून कुणालाही समजतं. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजातही हेच बजावलेलं आहे: कोड कसा चालतो ते कमेंटमध्ये सांगत बसू नका, तो काय करतो ते सांगा. फाइलसिस्टीमसाठी मी त्यात 'कशासाठी करतो' हेही जोडेन. कारण या कोडमधली निम्मी कारणं त्या फाइलमध्ये दिसतच नाहीत. ती वीज गेल्यावर दिसतात, किंवा दुसऱ्या सीपीयूवर, किंवा पंधरा वर्षांपूर्वी फॉरमॅट केलेल्या डिस्कवर.

क्रॅशच्या खिडकीतून

सर्वांत जास्त कमेंट जिथे हव्यात ती जागा म्हणजे क्रम. जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवण्याचा नेहमीचा मार्ग घ्या. प्रोग्राम नवी फाइल लिहितो, बंद करतो आणि जुन्या नावावर रीनेम करतो. एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबायला लावणारा कॉल, केलेलं नसतं. ईएक्सटी४ ब्लॉक उशिरा वाटते: राइट झालं तरी डेटा मेमरीतच असतो आणि डिस्कवरची जागा प्रत्यक्ष लिहिण्याच्या वेळी ठरते. मेमरीतला डेटा 'जुना' ठरायला नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंद लागतात, तर जर्नल, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवणारी वही, दर ५ सेकंदांनी कमिट होतं. म्हणजे रीनेम डिस्कवर पोचलं आहे पण डेटाला अजून ब्लॉकच मिळालेले नाहीत, अशी बरीच मोठी खिडकी उघडी राहते. त्या खिडकीत वीज गेली की जुनी फाइल गेलेली असते आणि नवी शून्य बाइटची निघते. २००९ मध्ये हा प्रश्न लोकांना सोसावा लागला, त्यावर भरपूर वाद झाले, आणि ईएक्सटी४मध्ये 'ऑटो_डीए_अलॉक' आलं. ईएक्सटी४_रीनेम()मध्ये, त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर, जुन्या नावाच्या इनोडवर ईएक्सटी४_अलॉक_डीए_ब्लॉक्स() बोलावलं जातं.

आता या एका ओळीवर काय लिहायचं? 'उशिरा वाटायचे ब्लॉक आत्ताच वाट' असं लिहिलं तर फंक्शनचं नावच पुन्हा लिहिल्यासारखं होतं. माझा मसुदा साधारण असा होईल (मूळ अर्थातच इंग्रजीत जाईल):

/*
 * असलेल्या फाइलवर रीनेम होत आहे. नव्या फाइलच्या डेटाला ब्लॉक
 * मिळण्याआधी हे रीनेम कमिट झालं आणि क्रॅश आला, तर जुना डेटा गेलेला
 * आणि नवी फाइल शून्य लांबीची राहील. ब्लॉक आत्ता वाटले की ऑर्डर्ड
 * मोडमध्ये कमिटच्या आधी डेटा डिस्कवर जातो. हे एफसिंक नाही: डेटा
 * पोचेपर्यंत इथे थांबत नाही.
 */

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर पुढचा वाचणारा दोनपैकी एक चूक करतो. एक तर 'इथे डेटा सुरक्षित झाला' असं धरून पुढचा कोड लिहितो, किंवा 'एफसिंकसारखं महागडं काम रीनेममध्ये कशाला' म्हणून ओळच काढायला निघतो. आणि 'ऑर्डर्ड मोडमध्ये' हे दोन शब्दही लागतातच, कारण राइटबॅक मोडमध्ये जर्नल डेटासाठी थांबत नाही. कमेंटमध्ये आश्वासनाची हद्द सांगितली नाही तर तिची व्याप्ती वाचणारा स्वतःच वाढवतो.

आकड्यांचा हिशेब

दुसरी जागा म्हणजे आकडे. जेबीडी२, म्हणजे ईएक्सटी४चा जर्नल, काम सुरू करताना विचारतो की या कामात जास्तीत जास्त किती मेटाडेटा ब्लॉक (फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या नोंदी असलेले) बदलतील. त्या संख्येला क्रेडिट म्हणतात. ईएक्सटी४_जेबीडी२ या हेडर फाइलमध्ये एक मॅक्रो आहे, ईएक्सटी४_सिंगलडेटा_ट्रान्स_ब्लॉक्स. डेटाचा एक ब्लॉक बदलायला किती क्रेडिट लागतील ते तो सांगतो. एक्स्टेंट (सलग ब्लॉकांचा एक तुकडा) नसलेल्या जुन्या मांडणीसाठी उत्तर आहे ८. नुसता ८ दिसला असता तर तो पवित्र आकडा होऊन बसला असता, त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. पण वर कमेंटमध्ये हिशेब आहे: एक इनोड, एक बिटमॅप, जास्तीत जास्त तीन इनडायरेक्ट ब्लॉक (इतर ब्लॉकांचे पत्ते ठेवणारे), ब्लॉकगटाचा गोषवारा, सुपरब्लॉकचा (पूर्ण फाइलसिस्टीमच्या मूळ नोंदीचा) गोषवारा आणि खुद्द डेटाचा ब्लॉक. एक, एक, तीन, एक, एक, एक. बेरीज ८. एक्स्टेंटच्या मांडणीसाठीही तिथेच लिहिलं आहे की झाडाच्या पाच पातळ्यांपर्यंत बदल होऊ शकतात आणि प्रत्येक पातळीसोबत बिटमॅप आणि गटाचा गोषवारा येतो.

असा हिशेब लिहिलेला असला की मांडणी बदलल्यावर कुठली रक्कम वाढवायची हे कळतं. समजा तुम्ही एखाद्या वाटेत कोटाचा ब्लॉकही बदलायला लागलात. हिशेब असेल तर तुम्ही त्यात एक रक्कम वाढवता. नसेल तर 'आधीच थोडं जास्त धरलं असेल' म्हणून सोडून देता. क्रेडिट कमी पडलं की काय होतं? जेबीडी२_जर्नल_डर्टी_मेटाडेटा() कर्नल लॉगमध्ये वॉर्निंग टाकतं आणि 'जागा नाही' ही त्रुटी परत देतं, डिस्क अर्धी रिकामी असली तरी. आणि हे रोजच्या चाचणीत सापडत नाही, कारण तिन्ही इनडायरेक्ट ब्लॉक एकाच वेळी बदलण्याची वेळ क्वचित येते. उलट बाजूने आकडा फुगवून ठेवला तर प्रत्येक काम जर्नलमध्ये नको तितकी जागा अडवतं, चालू ट्रान्झॅक्शन लवकर भरतं आणि बाकीचे ताटकळतात. आणखी एक गोष्ट कमेंटमध्ये यायला हवी ती मोजण्याच्या रीतीची: तोच ब्लॉक एका ट्रान्झॅक्शनमध्ये दोनदा बदलला तरी क्रेडिट एकच लागतं. हे माहीत नसलेला माणूस प्रत्येक फंक्शन-कॉल मोजत बसतो आणि उत्तर दुप्पट काढतो.

आकड्यांसोबत एककंही लिहा. इनोडमधलं आय_ब्लॉक्स हे फील्ड घ्या. फाइलसिस्टीमचा ब्लॉक ४०९६ बाइटचा असला तरी आय_ब्लॉक्स साधारणपणे ५१२ बाइटच्या तुकड्यांत मोजलेलं असतं, आणि 'ह्यूज फाइल'चा झेंडा लागलेल्या इनोडवर तेच फील्ड फाइलसिस्टीमच्या ब्लॉकमध्ये मोजलं जातं. नाव तेच, अर्थ आठपट वेगळा.

डिस्कवरच्या मांडणीचा एक नमुना मला फार आवडतो. एक्स्टेंटची लांबी, ईई_लेन, १६ बिटांची आहे. सर्वांत वरचा बिट 'जागा राखली आहे पण लिहिलेली नाही' हे सांगतो. मग लिहिलेल्या एक्स्टेंटची कमाल लांबी ३२७६७ असायला हवी. प्रत्यक्षात ती ३२७६८ आहे आणि न लिहिलेल्याची ३२७६७. फक्त वरचाच बिट चालू आणि बाकी सगळे शून्य, हा एक आकडा अपवाद म्हणून 'लिहिलेला' धरलेला आहे. का, ते हेडरमधली कमेंट सांगते: ब्लॉकगटाशी एक्स्टेंट नीट जुळावा म्हणून. ४०९६ बाइटच्या एका बिटमॅप ब्लॉकमध्ये ३२७६८ बिट मावतात, म्हणून गटात तितकेच ब्लॉक असतात, म्हणजे १२८ एमबी. हा अपवाद काढून टाकला असता तर एवढ्या लांबीला एक एक्स्टेंट पुरला नसता, शेवटच्या एका ब्लॉकासाठी दुसरा लागला असता. ही कमेंट नसती तर तुलनेतलं ते 'किंवा समान' चिन्ह पाहून कुणीतरी 'एकाची चूक' म्हणून प्रामाणिकपणे दुरुस्त केलं असतं, आणि जुन्या डिस्कवरचा पूर्ण लांबीचा प्रत्येक एक्स्टेंट चुकीचा वाचला गेला असता.

डिस्कवरच्या फील्डचं नाव आणि काम वेगळं असेल तिथे तर कमेंट लागतेच. सुरुवातीच्या ऑर्फन यादीची साखळी डिस्कवर कुठे राहते? पहिल्या इनोडचा क्रमांक सुपरब्लॉकमध्ये, आणि पुढच्याचा क्रमांक प्रत्येक इनोडच्या आय_डीटाइममध्ये. आय_डीटाइम म्हणजे फाइल पुसल्याची वेळ! इनोड यादीत असेपर्यंत त्या फील्डमध्ये वेळ नसते, दुसऱ्या इनोडचा क्रमांक असतो. ५.१५ आवृत्तीपासून या एकेरी साखळीऐवजी ऑर्फन फाइल वापरण्याची सोयही आली, आणि तिच्यात जागा उरली नाही तर कोड पुन्हा जुन्या साखळीकडे वळतो. तेव्हा 'ऑर्फन यादी' असं कमेंटमध्ये लिहिताना दोन्ही वाटा मनात ठेवा.

दुसरा सीपीयू

फाइलची लांबी बदलणारं आय_साइज_राइट() अगदी मोजक्या ओळींचं आहे. वरच्या कमेंटचा सार असा: आय_साइज_रीड()ला लॉक लागत नाही, पण याला लागतं, बहुधा इनोडचं आय_आरडब्ल्यूसेम, नाहीतर ३२ बिटी, अनेक सीपीयूंच्या मशीनवर क्रमगणकाची एक वाढ हरवेल आणि त्यानंतर वाचणारे कायमचे गोल फिरत राहतील. यात 'नाहीतर' अगदी शब्दशः आहे, आणि तो खरोखर लागतो. लांबी ६४ बिटांची, मशीन ३२ बिटी, म्हणून ती दोन तुकड्यांत वाचावी लागते. मध्ये कुणी बदलली तर नाही ना, हे पाहायला गणक ठेवलेला आहे. लिहिणारा सुरुवातीला आणि शेवटी तो एकेकाने वाढवतो. गणक विषम दिसला की वाचणारा थांबतो. दोन लिहिणारे एकदम घुसले आणि एक वाढ हरवली तर गणक विषमच राहू शकतो. तुमच्या ६४ बिटी लॅपटॉपवर या वाटेचा कोडच तयार होत नाही, त्यामुळे लॉक काढून टाकलं तरी तिथे सगळं सुरळीत दिसेल. जे स्वतःच्या मशीनवर कधीच दिसणार नाही ते लिहून ठेवणं यासाठी कमेंट असते.

मेमरी बॅरिअर, म्हणजे मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम पाळायला लावणारी सूचना. तिच्या बाबतीत नियम पक्का आहे: बॅरिअर एकटा कधीच नसतो, जोडी असते. कमेंटमध्ये जोडीदार फंक्शनचं नाव आणि कशाचा क्रम राखतोय ते, दोन्ही हवं. 'आय_साइज_राइट()मधल्या रिलीजशी जोडी. नवी लांबी दिसण्याआधी पानांतला मजकूर दिसावा म्हणून' इतकं पुरतं. दोन्ही टोकांना लिहा. एकाच टोकाला लिहिलं तर दुसऱ्या टोकावरचा माणूस आपला बॅरिअर निरुपयोगी समजतो. जोडीदाराचा ओळ क्रमांक मात्र कधी देऊ नका. नाव ग्रेपने सापडतं, क्रमांक महिनाभरात खोटा ठरतो.

काही कारणं कमेंटमध्ये मावत नाहीत. एका डिरेक्टरीतून दुसरीत डिरेक्टरी हलवणं घ्या. क आणि ख या दोन शेजारी डिरेक्टरी. एक प्रोसेस क ला ख मध्ये हलवते, त्याच क्षणी दुसरी ख ला क मध्ये. 'ही आपल्याच पोटात तर जात नाही ना' ही तपासणी दोघींची वेगवेगळी पास होते. दोन्ही हलवणी पुरी झाली तर क ख मध्ये आणि ख क मध्ये, आणि मूळ झाडापासून दोन्ही तुटलेल्या. म्हणून अशा रीनेमसाठी पूर्ण फाइलसिस्टीमला एक लॉक आहे, एस_व्हीएफएस_रीनेम_म्युटेक्स. व्हीएफएस_रीनेम()च्या डोक्यावरची लांबलचक कमेंट ही अडचण आणि लॉकचा क्रम सांगते, पण डेडलॉक होणार नाही याची पूर्ण सिद्धता डॉक्युमेंटेशनमधल्या डिरेक्टरी-लॉकिंगच्या फाइलमध्ये आहे. ही वाटणी मला योग्य वाटते. फंक्शनजवळ धोका आणि नियम. सिद्धता वेगळ्या फाइलमध्ये, आणि तिथे जाण्याची खूण कमेंटमध्ये.

कारण शोधायचं कसं

जुन्या कोडला कमेंट जोडताना लिहिणं सोपं असतं, त्यामागचं कारण शोधून काढणं मात्र अवघड. गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) नुसतं चालवू नका. मोकळ्या जागा आणि हलवलेला कोड वगळायचे पर्याय लावा, नाहीतर बोट शेवटी इंडेंट बदलणाऱ्याकडे जातं. त्याहून उपयोगी म्हणजे गिट लॉग -एल. ते एका फंक्शनचा सगळा इतिहास क्रमाने उलगडतं. लिनक्सचा गिट इतिहास एप्रिल २००५ मधल्या २.६.१२-आरसी२पासून सुरू होतो. ब्लेम तिथे जाऊन थांबलं तर कारण त्याहून जुनं आहे. त्यासाठी जुन्या इतिहासाची वेगळी झाडं उपलब्ध आहेत. कमिटच्या संदेशात कारण सापडलं तर ते दोन-तीन वाक्यांत आटवून कोडमध्ये आणा. नुसता दुवा चिकटवून थांबू नका.

मग खात्री. व्हर्च्युअल मशीनमध्ये लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलमधली तपासणी) चालू असलेला कर्नल बांधा, दोन रिकाम्या डिस्क जोडा आणि एक्सएफएसटेस्ट्स हा चाचण्यांचा संच चालवा. नाव एक्सएफएसवरून पडलेलं असलं तरी ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएसच्या चाचण्याही त्यातच आहेत. ती ओळ काढा किंवा तिच्या जागी मुद्दाम उशीर घाला, म्हणजे खिडकी मोठी होईल. आणि 'शटडाउन' गटातल्या चाचण्या लावा, त्या फाइलसिस्टीम मध्येच तोडून पुन्हा माउंट करतात. तुमच्या कमेंटमध्ये लिहिलेलं नेमकं तेच बिघडलं तर ठीक. काहीच बिघडलं नाही तर त्यावरून ओळ अनावश्यक ठरत नाही, तुमचा अंदाज अजून सिद्ध झालेला नाही इतकंच ठरतं. अशा वेळी अंदाज कमेंटमध्ये खिळवू नका. पॅचच्या, म्हणजे तुम्ही पाठवत असलेल्या बदलाच्या, सोबतच्या मजकुरात प्रश्न म्हणून विचारा. चुकीची कमेंट नसलेल्या कमेंटपेक्षा जास्त नुकसान करते, कारण नसेल तर माणूस कोड वाचतो, आणि असेल तर तिच्यावर विश्वास ठेवतो.

मशीनला तपासता येईल ते मशीनला तपासू द्या. 'बोलावणाऱ्याने लॉक घेतलेलं असावं' असं लिहिण्यापेक्षा लॉकडेप_असर्ट_हेल्ड() घाला. नियम मोडला की तो लगेच ओरडतो. 'फॉल थ्रू' (इथून मुद्दाम पुढच्या केसमध्ये जायचं आहे) ही कमेंट वर्षानुवर्षं स्विचमध्ये लिहिली जायची, शेवटी तिचा फॉलथ्रू हा शब्दच कोडमध्ये आला आणि २०२० मध्ये कर्नलभर त्या कमेंटची जागा त्याने घेतली. उरलेलं, म्हणजे ते लॉक *का* हवं, हे कमेंटचं काम.

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे 'लॉक घेतलेलं असतं' हे वाक्य कर्त्याशिवाय सहज चालतं. त्याचं तसंच इंग्रजी झालं की लॉक बोलावणाऱ्याने घ्यायचं, हे फंक्शन घेणार, की वरच्या थराने आधीच घेतलेलं आहे, हे कळत नाही. कर्ता लिहा. प्रत्येक वेळी.

मांडणीबद्दल थोडक्यात. कर्नल-डॉकची, म्हणजे जिच्यातून दस्तऐवज तयार होतो ती, कमेंट /** ने सुरू होते. मग फंक्शनचं नाव, डॅश, एक ओळ. मग @ लावून प्रत्येक पॅरामीटर. मग संदर्भ आणि परतीचं मूल्य. साध्या कमेंटला चुकून दोन तारे दिले की साधन तक्रार करतं, आणि पॅरामीटरचं नाव बदलून कमेंट तशीच ठेवली तरीही. मेकला डब्ल्यू=१ दिलं की या सूचना दिसतात. परतीच्या मूल्यांची यादी नुसत्या ओळींवर लिहिली तर तयार दस्तऐवजात त्या एकाच परिच्छेदात मिसळतात. प्रत्येकीपुढे तारा द्या. संदर्भाच्या भागात हे फंक्शन झोपू शकतं का, म्हणजे मध्येच थांबून राहू शकतं का, ते सांगा. आयपुट()च्या कमेंटमध्ये ते फार चांगलं आलं आहे: वापरणाऱ्यांची मोजणी शून्यावर आली तर इनोड मोकळा होतो, नष्टही होऊ शकतो, आणि म्हणून आयपुट() झोपू शकतं. त्या 'म्हणून'मुळे स्पिनलॉक (हे धरलेलं असताना झोपता येत नाही) धरून आयपुट() बोलावणारा वेळीच थांबतो. चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट आहे. ती बॅरिअरवर कमेंट नसेल तर इशारा देते; स्पिनलॉक आणि म्युटेक्सच्या व्याख्येवर नसेल तर कडक मोडमध्ये टोकते. तिथे 'यादीचं रक्षण करतं' एवढं भागवू नका, कुठल्या फील्डचं ते नावानिशी लिहा. एफएस/इनोड आणि एफएस/डीकॅश या फाइलींच्या सुरुवातीला कुठलं लॉक काय राखतं आणि कुठल्या क्रमाने घ्यायचं याची जी यादी आहे, तो नमुना समोर ठेवावा.

कमेंट शिळ्या होतात याचं सर्वांत बोलकं उदाहरण आय_म्युटेक्सचं. २०१६ मध्ये, ४.७ आवृत्तीत, इनोडवरचं हे लॉक जाऊन त्या जागी आय_आरडब्ल्यूसेम आलं. मेमरी व्यवस्थापनाच्या कोडमधल्या कमेंट, लॉकच्या क्रमाची प्रसिद्ध यादी धरून, २०२१ मध्ये दुरुस्त झाल्या. पाच वर्षं त्या अस्तित्वात नसलेल्या लॉकचं नाव घेत होत्या. अशी सफाई करायची इच्छा होते तेव्हा शोध-आणि-बदल चालवू नका. जुनं लॉक एकट्याचं होतं, नवं दोन प्रकारे घेता येतं: वाटून किंवा एकट्याने. डिरेक्टरीत नाव शोधताना ते वाटून घेतलं जातं, फाइल तयार करताना एकट्याने. 'आय_म्युटेक्स घेतलेलं असावं'च्या जागी नवं नाव टाकलं की वाक्य बरोबर दिसतं, पण कोणत्या प्रकारे हा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रत्येक जागी बोलावणारे तपासूनच बदल करावा लागतो.

शेवटी पॅच. कमेंट आणि कोडमधला बदल एकाच पॅचमध्ये घालू नका, त्या बदलामुळेच कमेंट लागत असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या कमेंटचे पॅच जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये जात नाहीत. उलट आजूबाजूची मांडणी बदललीत तर पुढे खऱ्या दुरुस्त्या तिकडे नेताना संघर्ष होतो. म्हणून जुन्या ओळींना हात न लावता फक्त भर घाला.

आणि कोड खरंच बदललेला नाही हे दाखवा. आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल बाइटनुसार जुळवायला गेलात तर ईएक्सटी४मध्ये फसाल. ईएक्सटी४_एरर() आणि ईएक्सटी४_जर्नल_स्टार्ट() हे मॅक्रो आहेत आणि ते चालू ओळीचा क्रमांक आत पाठवतात. वर सात ओळींची कमेंट आली की खालचे सगळे क्रमांक सातने सरकतात आणि मशीन कोडही बदलतो. त्याऐवजी दोन्ही सोर्स फाइली जीसीसीमधून -एफप्रीप्रोसेस्ड -डीडी -ई -पी या पर्यायांनी काढा. मॅक्रो न उलगडता फक्त कमेंट गळतात. मग रिकाम्या जागा आणि रिकाम्या ओळी दुर्लक्षून डिफ घ्या. तो कोरा आला पाहिजे.

हेच ओळ क्रमांक डिस्कवरही जातात. ईएक्सटी४ला त्रुटी सापडली की सुपरब्लॉकमध्ये पहिल्या आणि शेवटच्या त्रुटीचं फंक्शन आणि ओळ नोंदली जाते, आणि डम्पई२एफएस हे साधन ती दाखवतं. तेव्हा कुणाच्या बिघडलेल्या डिस्कवरचा क्रमांक हातात आला, तर तो आजच्या सोर्समध्ये शोधू नका. आधी त्या दिवशी तिथे चालू असलेल्या कर्नलची नेमकी आवृत्ती विचारा, तिचा सोर्स उघडा, आणि मगच ती ओळ पाहा.